अंजूच्या कानाची साक्ष

रविवार, १२ जानेवारी

लातूरच्या बोलायला शिकवणाऱ्या बाईंनी सांगितलं, घरातल्या कुणीतरी एकानं लिहून ठेवा, लेकरू कोणत्या आवाजाला वळलं, तोंडातून काय नवीन काढलं. माझा लेक शांतवन एसटीच्या डेपोत मेकॅनिक आहे, तो म्हणाला, मला घरी यायलाच अंधार पडतो. सून एस्तेर शाळेत शिकवते, ती म्हणाली, मी पोरांच्या वह्या तपासू का हे लिहू? मग मी म्हणलं, आणा इकडं. दोघं एकमेकांकडं बघून हसले. हसा म्हणलं. चौथी शिकले मी, पण बायकांच्या सभेत शास्त्र, म्हणजे बायबल, मीच वाचते, चष्मा घरी राहिला तरी वाचते.

खताच्या दुकानातून आलेली डायरी पडून होती, पानोपानी सोयाबीनचं चित्र. तीच घेतली. बाईंना द्यायचं ते वेगळ्या कागदावर उतरवून देईन. ही माझी, हिच्यात मी मनातलं लिहिणार.

तर आमची अंजू, माझी एकुलती एक नात, जन्मापासून बहिरी. आधी कुणाला कळलंच नाही, कारण पोरगी सारखी हसायची. एकदा माझ्या हातून पितळी परात फरशीवर पडली. शेजारची शिवम्मा किराणा दुकान उघडं टाकून पळत आली, अन् अंजू आमच्याकडं पाठ करून बाहुलीशी खेळतच बसलेली. एस्तेरनं परात उचलली नाही. तिथंच खाली बसली.

पुढं लई दवाखाने झाले, लई उपास झाले, लई प्रार्थना झाल्या. शेवटी लातूरला कानामागं ऑपरेशन झालं. आत काहीतरी बसवलंय, अन् बाहेरून कानावर यंत्र. त्याला वायर, वायरीला रुपयाएवढी चकती. चकतीत लोहचुंबक आहे, ती केसातून डोक्याला चिकटून बसते. परवा ते यंत्र पहिल्यांदा चालू केलं. बाईंनी टेबलावर टकटक केली अन् अंजूनं जे भोकाड पसरलं! शांतवनचं तोंड उतरलं. मी तिथंच हात वर करून म्हणलं, प्रभू तुझी स्तुती! अरे भ्याली म्हणजे ऐकली ना. न ऐकणारं लेकरू कशाला भिईल?

शुक्रवार, १७ जानेवारी

कुकरची शिट्टी, वळली. देवळाची घंटा, म्हणजे आमच्या मंडळीच्या चर्चची, वळली. शिवम्माची हाक, वळली. पण शिवम्माची हाक उदगीरच्या किल्ल्यावर बसलेल्या माणसालाही ऐकू जाते, ती मोजायची का नाही ते बाईंना विचारायचं.

तोंडातून "ब ब ब" काढलं. एस्तेर म्हणते, ते आधीपासून काढते. मी म्हणते, आधीचं नुसतं होतं, आजचं माझ्याकडं बघून होतं.

दुपारी चकती सापडेना. सगळं घर उलटंपालटं केलं. मी पिठाचा डबासुद्धा चाळला. शेवटी सापडली कुठं, तर लोखंडी कपाटाला चिकटलेली. शिवम्मा दारात उभी राहून बघत होती. म्हणाली, "अव्वा, तुझ्या नातीपरीस कपाटच जास्त ऐकून राहिलंय की!"

तिला म्हणलं, "तू हस. माझ्या देवानं काय केलं बघितलंस ना?"

"मीबी रोज पूजेला बसले की लिंगाला पोरीचं सांगत होते बरं का. एकट्या तुझ्या देवाचं नाव करू नको."

"बरं बाई, तुझेबी उपकार. पण साक्ष मी माझ्या देवाचीच देणार."

"दे की. तुझी म्हैस म्हातारी झाली आता, नवी साक्ष पाहिजेच तुला."

रविवार, २६ जानेवारी

म्हशीचं लिहायचं राहिलं. आमच्यात असं असतं, देवानं कशातून सोडवलं ते मंडळीपुढं उभं राहून सांगायचं. त्याला साक्ष म्हणतात. माझी साक्ष म्हशीची. मी नवी नवरी होते, शेतात भाकरी घेऊन चालले होते, अन् तिरू नदीला वरून पाणी आलं. पाटी गेली, भाकरी गेल्या, मी गटांगळ्या खाऊ लागले. येशू वाचव म्हणलं अन् समोरून बजरंग पाटलांची बिनशिंगाची म्हैस पोहत आली. तिचं शेपूट धरलं ते काठापर्यंत सोडलं नाही. काठाला लागल्यावर तिनं मला अशी लाथ घातली की नडगीवर खूण अजून आहे. मंडळीतली पोरं त्या लाथेचीच वाट बघत बसतात. लाथ आली की सगळे हसतात, मग मी म्हणते, देव असा सोडवतो, आमेन. हंगामाच्या सणाला, नवं पीक देवाला वाहतात तेव्हा, दर वर्षी सांगते. नवीन पाळकसाहेब येतात त्यांना पहिल्याच वर्षी पाठ होते.

आज उपासना झाल्यावर धुरपताबाई माझ्याकडं आली. ही आमच्या स्त्रियांच्या मंडळाची अध्यक्षीण, अन् माझी लहानपणापासूनची. मला गुणे म्हणणारी आता ती एकटीच उरली. म्हणाली, "गुणे, नांदेडला पुढच्या महिन्यात मोठी सभा हाय. हैदराबादचे ब्रदर येणार उपदेश करायला. तुझ्या नातीची साक्ष त्याच्यात पाहिजे. मी नाव दिलंय."

माझा तर आनंद पोटात मावेना! माझी म्हैस उदगीरच्या पलीकडं कधी गेली नव्हती. हाव म्हणून टाकलं.

मग ती हळूच म्हणाली, "तेवढं ते यंत्र काढून ठेवायचं बग. पोरगी स्टेजवर उभी करायची, मागून हाक मारायची, तिनं वळायचं. यंत्र दिसलं की लोक म्हणतेत, हे तर डॉक्टरनं केलं. नव्या लोकांचा विश्वास डळमळतोय."

मला ते पटलं. घडीभराचा तर प्रश्न. देवानं एवढं केलं, घडीभर यंत्राशिवाय करणार नाही का? अन् कुणी सांगावं, त्या सभेतच पूर्ण मोकळी होईल. घरी गेल्यावर एस्तेरला सभेचं सांगितलं, यंत्राचं नाही सांगितलं. तिच्या डोक्याला आधीच लई ताप.

बुधवार, २९ जानेवारी

एस्तेर शाळेत गेली की आमची तयारी. प्रार्थना करते, मग यंत्र काढते, अंजूला भिंतीकडं तोंड करून बसवते अन् मागून हाक मारते.

काल वळली नाही. आज पण नाही. मला वाटतं तिला झोप येत होती. काल डाळ जरा जास्त खाल्ली होती तिनं.

आज सकाळी जेवले नाही. उद्यापण एकाच वेळी खाणार. शास्त्रात आहे, काही गोष्टी उपासाशिवाय निघत नाहीत.

सोमवार, ३ फेब्रुवारी

वळली! वळली! यंत्राशिवाय वळली!

झालं असं. आज आम्ही माळ्याच्या लाकडी फळ्यांवर बसलो होतो. मी हाक मारून मारून थकले, मग जरा जोरात पाय आपटला अन् म्हणलं, अंजू! तशी गर्रकन मागं बघून हसली. परत केलं, परत वळली. मी डोळे पुसले. शिवम्माला बोलावून दाखवलं. ती माळ्याकडं चढायच्या फळीवर उभी होती, म्हणाली, "अव्वा, फळी हलली म्हणून मीबी वळले की." हिचा काही विश्वासच नाही. पण एक लक्षात आलं, स्टेज लाकडी असतं, तिथं अजून चांगलं होईल.

एकच गोष्ट. आता मी यंत्र परत लावायला गेले की पोरगी डोकं हलवते, चकती उपटून फेकते. आज दोनदा पलंगाखाली फेकली. सवयीनं येईल.

गुरुवार, ६ फेब्रुवारी

आज लिहावंसं वाटत नाही, पण लिहिते.

लातूरला बाईंकडं गेलो होतो. अंजू यंत्र लावू देईना, बाईंच्या हाताला चावली. कसंबसं लावून बाईंनी पडद्याआडून डमरू वाजवलं, तर वळली नाही. बाई म्हणाल्या, मागच्या वेळेपेक्षा लेकरू मागं गेलंय. यंत्र दिवसभर कानावर पाहिजे, झोपेशिवाय काढायचं नाही. आत्ताच्या वयात मेंदू आवाज शिकतो, हे दिवस गेले तर परत येत नाहीत. घरात कुणी काढून ठेवतं का?

शांतवन एस्तेरकडं बघू लागला. एस्तेर त्याच्याकडं. मी भिंतीवरच्या कानाच्या चित्राकडं बघत होते. मग म्हणलं, "मी."

एसटीत एस्तेरनं अंजूला मांडीवर घेतलं अन् तोंड खिडकीकडं केलं. चाकूर आलं, चहावाला खिडकीशी येऊन गेला. घरी येऊन एस्तेरनं दार लावलं अन् मग सगळं विचारलं. मी सगळं सांगितलं, धुरपताबाईचं पण. मला वाटलं ओरडेल. ओरडली असती तर बरं झालं असतं.

ती म्हणाली, "आत्या, दर वर्षी तुम्ही म्हशीची साक्ष देता. म्हैस सोडून एकदा तरी दिली का?"

मी म्हणलं, "म्हैस कशी सोडीन? तिच्यामुळंच तर..."

"मग?"

एवढंच. मग?

शांतवन उठून बाहेर गेला. मी परत काही बोलले नाही. म्हणजे मी, गुणाबाई, बोलले नाही! शिवम्मा तब्येत विचारायला आली.

शनिवार, ८ फेब्रुवारी

दोन दिवस भाकरी थापता थापता हेच डोक्यात. मिसर देशाच्या गुलामीतून लोक सोडवायचे होते तेव्हा समुद्रापुढं मोशेला देवानं सांगितलं, काठी उचल. आता ज्याला समुद्र दुभंगायचाय त्याला काठी कशाला लागते? बरं, काठीनं झालं म्हणावं तर वर रातभर वारा सोडला. नुसतं "हो बाजूला" म्हणला असता तर पाणी बाजूला झालं नसतं का? झालं असतं. पण नाही म्हणला. काठी घेतली, वारा घेतला, मोशेसारखा एक तोतरा म्हातारा घेतला. अन् ते लोक पलीकडं गेल्यावर नाचले, गायले, तेव्हा कुणी म्हणलं का, हे तर वाऱ्यानं केलं?

तव्यावर भाकरी करपली.

मला यंत्राची लाज का वाटली ते कळलं मला. लोक देवाला कमी म्हणतील म्हणून. म्हणजे मी देवाचं नाव राखायला निघाले होते. त्याचं नाव मी राखायचं का माझं त्यानं?

पण खोटं कशाला लिहू? मला अजून वाटतं, यंत्राशिवाय बरी केली असती तर त्याचं काय बिघडलं असतं? चार्जिंग करा, पावसात जपा, पोरांनी चिडवलं तर ऐकून घ्या. हे मी प्रार्थनेतही त्याला सांगितलं. राग आला नसावा, कारण मन हलकं झालं.

आता मी काय बिघडवलं ते मीच नीट करणार. अंजू अजून यंत्र लावू देत नाही. एस्तेर धरते, शांतवन लावतो, ती उपटते. धरून लावायचं बंद करा म्हणलं. मी टाळ घेऊन बसणार. यंत्र कानावर असेल तरच भजन, काढलं की टाळ खाली. बघू कोण थकतं.

गुरुवार, १३ फेब्रुवारी

मीच थकले. टाळ वाजवायला लागले की दोन ओळींपुरती चकती राहू देते, मग काढून माझ्या मांडीवर ठेवते. फेकत नाही, एवढं झालं. बाईंनी फोनवर सांगितलं, जबरदस्ती नको, तिला स्वतःला आवाज हवासा वाटला पाहिजे. हवासा कसा वाटवायचा? मला काय तिच्या डोक्यात जाता येतं?

शिवम्माकडून एक पट्टी शिवून घेतली, कानावरचं यंत्र पडू नये म्हणून. शिवम्मा म्हणाली, काळी शिवते, केसात दिसायची नाही. म्हणलं, लाल शिव. चांगली कुंकवासारखी लाल.

धुरपताबाई आली होती. सांगितलं तिला, नांदेडला येणार, शब्द दिलाय तो मोडणार नाही, पण यंत्र काढणार नाही.

"गुणे, माझं नाव घालवतीस. मी त्यांना सांगितलंय, पोरगी पूर्ण बरी झाली म्हणून."

"मग तू चुकीचं सांगितलंस. न्हाई, मीच चुकीचं हाव म्हणलं."

"एवढा डॉक्टरवर विश्वास हाय तर देवाकडं कशाला येतीस?"

"धुरपे, मागच्या साली तुझ्या गुडघ्यासाठी आम्ही सगळ्यांनी उपास धरला का न्हाई? मग दवाखान्यात गुडघा बदलून आलीस. आता त्याच गुडघ्यावर स्टेजच्या पायऱ्या चढतीस अन् देवाचे आभार मानतीस. मी कधी म्हणलं का, लुगडं वर करून टाके दाखव?"

ती निघून गेली. चहा अर्धा राहिला. वाईट वाटलं, पण बोलले ते बरोबर बोलले.

सोमवार, १७ फेब्रुवारी

काल नांदेडला जाऊन आलो. सगळं लिहिते, हात दुखला तरी.

सकाळच्या एसटीनं निघालो, मी, एस्तेर अन् अंजू. एस्तेरला नको म्हणलं होतं. ती म्हणाली, "तुम्ही एकट्या गेल्या तर तिथंच दोन म्हशी आणखी घालाल गोष्टीत." म्हणजे माझ्याशी बोलायला लागली. लई बरं वाटलं. जळकोट गेलं तशी अंजू खिडकीला नाक लावून बसली. यंत्र कानावर, लाल पट्टी, पण चकती डोक्याला नाही, वायरीनं खांद्यावर लोंबत.

मांडव एवढा मोठा की आमची अख्खी मंडळी त्याच्या एका कोपऱ्यात बसावी. लाउडस्पीकर घरांएवढे. आम्ही त्यांच्यापासून लांब बसलो. धुरपताबाई पुढं बसलेली, माझ्याकडं बघितलं नाही.

नाव पुकारलं. एस्तेर अंजूला घेऊन खालीच उभी राहिली. पायरीपाशी गळ्यात बिल्ला घातलेलं एक पोरगं होतं, वाकून बघून म्हणालं, "मावशी, लेकराच्या कानावरचं ते काढा. व्हिडिओत दिसतंय."

"दिसावं म्हणूनच लाल शिवलीय रे बाबा."

"पण मावशी, साक्ष..."

तवर मी पायऱ्या चढले होते. म्हातारीला कुणी ओढून खाली आणत नाही, ह्याचा एक फायदा असतो.

माइक हातात आला. पुढं माणसंच माणसं. म्हशीच्या वेळी मी कधी भ्याले नाही, पण काल माइक दोन्ही हातांनी धरला. म्हणलं, "ती खाली लाल पट्टीवाली माझी नात. जन्मापासून बहिरी. देवानं तिला सोडवलं. लातूरच्या डॉक्टरच्या हातानं सोडवलं. यंत्र लावलं की तिला ऐकू येतं, काढलं की येत न्हाई. आत्ता चकती काढलेली हाय, आत्ता मी काय बोलते ते तिला कळत न्हाई. मी तिचं यंत्र लपवून तुमच्यापुढं देवाला मोठं करणार होते. पण तो आधीच मोठा हाय. ज्यांच्या घरात असं लेकरू असंल त्यांनी प्रार्थना करा, अन् दवाखान्यातबी जा. उशीर करू नका, हे दिवस परत..."

माइक बंद झाला. बिल्लेवाल्यानं "आमेन, आमेन" म्हणत माझा हात धरला. तेवढ्यात मागून, लई मागून, एका बाईचा आवाज आला, "मावशी! कोणत्या दवाखान्यात?"

मी स्टेजवरूनच ओरडले, "बाहेर या! निंबाच्या झाडाखाली बसते!"

उतरले अन् सरळ चालत बाहेर गेले. एस्तेर मागून येत म्हणाली, "आत्या, जरा हळू." तिच्या डोळ्यात पाणी होतं, पण हसत होती.

झाडाखाली ती मागची बाई आली. कंधारकडची, कडेवर दोन वर्षांचं लेकरू. मग दुसरी आली, तिची भाची तशीच. मग एक आजोबा. मग नुसत्या ऐकायला आलेल्या. मी सांगू लागले, परात कशी पडली, दवाखान्यात कुणाला भेटायचं, कागद कोणते लागतात. तेवढ्यात कुणीतरी गर्दीतून पाण्याची बाटली माझ्यापुढं धरली. बघते तर धुरपताबाई. तोंड फुगलेलंच. "पी. ओरडून घसा बसवून घेतलास," म्हणाली, अन् माझ्याच शेजारी बसली. गेली नाही.

अंजू एस्तेरच्या मांडीवर होती. सगळ्या बायका माझ्या तोंडाकडं बघून राहिलेल्या. मी हात केला की हसायच्या, मी थांबले की च् च् करायच्या. पोरगी एकेकीच्या तोंडाकडं बघायची, मग माझ्याकडं, परत त्यांच्याकडं. तिला दिसत होतं, इथं काहीतरी चाललंय अन् ते सगळ्यांना मिळतंय, तिला नाही. मी बोलतच होते, मला काय ठाऊक. एस्तेरनं मला कोपरानं ढोसलं.

अंजूनं खांद्यावर लोंबणारी चकती मुठीत धरली होती. वायर ओढली, अन् चकती डोक्याला लावू लागली. आधी कपाळाला लावली. मग गालाला. एस्तेरचा हात पुढं गेला, मी तो धरून ठेवला. तिसऱ्या वेळी चकती केसात बरोबर जागेवर जाऊन बसली. अंजूचे डोळे एकदम मोठे झाले. मान वाकडी करून माझ्याकडं बघितलं. काढली नाही.

मी काय सांगत होते तेच विसरले.

कंधारची बाई म्हणाली, "मावशी, पुढं काय झालं?"

"थांबा गं बायांनो," म्हणलं, "हिनं मागचं ऐकलेलं न्हाई. पहिल्यापासून सांगते."